दूध पुरतंय का? पहिले तीन महिने : शू, शी, वजन आणि वरचं दूध

शेवंती

बाळंतिणीच्या खोलीत पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "तिला दूध पुरत नाहीये." बाळ रडलं की हेच, झोपलं नाही की हेच, बाळंतिणीची छाती मऊ लागली की हेच. आणि मग कुणीतरी दुकानातून दूधपावडरचा डबा घेऊन येतं.

अनुभवांचे धागे इथे भरपूर आहेत. या धाग्यावर फक्त मापं, कारणं आणि करायचं काय, एवढंच लिहू या. सुरुवातीचे प्रश्न:

१. दूध पुरतंय हे कशावरून ठरवायचं?
२. संध्याकाळी ७ ते १० बाळ सलग रडतं, सतत ओढत राहतं. ही भूक समजायची का?
३. डबा सुरू झालाच असेल तर तो बंद कसा करायचा?
४. कामावर रुजू झाल्यावर साठवणीचं गणित काय?

खारीबुंदी

रडण्यावरून ठरवू नका. शू, शी आणि वजन, या तीनच गोष्टी भरवशाच्या.

शू: पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ वेळा. रंग फिकट. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसला तर ते शूतले क्षार असतात, घाबरू नये. पण तोच डाग पाचव्या दिवशी दिसला तर दूध कमी जातंय.

शी: पहिली काळी, डांबरासारखी चिकट, ती २४ तासांत व्हायला हवी, ४८ तास उलटले तर डॉक्टर. तिसऱ्या दिवसाच्या आसपास हिरवट, पाचव्यापर्यंत मोहरीच्या रंगाची, पातळ, कणीदार. ही कणीदार शी पाहून "जुलाब झाले" म्हणत औषध देणारी घरं आहेत. अंगावरच्या बाळाची शी अशीच असते. महिना-दीड महिन्यानंतर काही बाळं तीन-चार दिवसांनी एकदा शी करतात. ती मऊ असेल आणि वजन वाढत असेल तर तोही बद्धकोष्ठ नाही.

वजन: जन्मानंतर ७ ते १० टक्के उतरतं, १० ते १४ दिवसांत परत जन्माच्या वजनावर येतं. पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २५-३० ग्रॅम. महिन्याला ५०० ग्रॅमपेक्षा कमी भर पडली तरच "पुरत नाही" हा शब्द काढायचा.

कोकमसार

खारीबुंदी, शूच्या मोजणीत एक अडचण. तयार डायपरमध्ये शू कळतच नाही, ते सगळं शोषून घेतं. दोन उपाय: एक दिवस घरातले सुती लंगोट वापरून मोजणी करा. किंवा कोरड्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ४५ मिलि पाणी ओतून हातात तोलून बघा. भरलेलं डायपर किती जड लागायला हवं याचा अंदाज येतो.

वजन करताना काटा एकच ठेवा. दवाखान्यातला एक, अंगणवाडीतला दुसरा, घरी तिसरा असं केलं तर काट्या-काट्यातला फरकच २००-३०० ग्रॅम निघू शकतो, आणि त्यावरून घरात नुसतं रण माजतं. कपडे काढून, पाजण्याआधी, आठवड्यातून एकदा पुरे. रोज वजन करू नये. एका शीने आणि एका पोटभर दुधाने आकडा हलतो, त्यातून काहीच कळत नाही.

रात्रपाळी

दुसऱ्या प्रश्नाचं. संध्याकाळचं सलग ओढणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. वाढीचे जे टप्पे असतात (२-३ आठवडे, ६ आठवडे, ३ महिने) त्या वेळी बाळ दोन-तीन दिवस जास्तच मागतं. ओढल्यानेच पुढचं दूध तयार होतं. नेमक्या याच दोन-तीन दिवसांत बाटली दिली की स्तनांना वाढीव मागणीचा निरोपच पोचत नाही. बाटलीनंतर बाळ शांत झोपलं की सगळ्यांना वाटतं, "बघा, भूकच होती!" बाटलीतून भराभर ६० मिलि पोटात गेल्यावर पोट भरलेलं बाळही सुस्त होतं, हे लक्षात घ्या.

छाती मऊ लागणं हे दूध आटल्याचं लक्षण नाही. पहिल्या महिन्यात दाटते, नंतर मागणी-पुरवठा जुळला की मऊच राहते. पंपाने किती निघालं हेही माप नाही. तोंडाने ओढणारं बाळ पंपापेक्षा पुष्कळ जास्त काढतं.

सायली_सिस्टर

प्रसूती वॉर्डात काम करते, म्हणून पकडीबद्दल (लॅच) नेमकं लिहिते. बहुतेक "दूध कमी" तक्रारींचं मूळ इथे असतं.

बाळाचं पूर्ण अंग आईकडे वळलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. नुसती मान वळवून पाजलं तर गिळता येत नाही. हवं तर स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघा. बाळाचं नाक बोंडासमोर आणा, वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श करा आणि तोंड जांभई दिल्यासारखं उघडेपर्यंत थांबा. उघडलं की बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे ढकलू नका. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, काळा भाग खालून कमी आणि वरून जास्त दिसणारा. गाल आत खेचले जात असतील किंवा चट-चट आवाज येत असेल तर पकड चुकली आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा, पुन्हा लावा. ओढून काढलं तर बोंडाला चिरा पडतात.

पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरही दुखत राहणं नेहमीचं नाही. "सगळ्यांनाच दुखतं, सोस" असं सांगू नका बाळंतिणीला.

२४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं. त्यातलं रात्रीचं एकही गाळू नका, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. "आईला झोपू द्या, रात्री बाटली द्या" हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण दूध सगळ्यांत जास्त त्यानेच कमी होतं. आईला झोप हवी असेल तर बाकीची कामं काढून घ्या: लंगोट बदलणं, ढेकर काढणं, परत झोपवणं. बाळ आईजवळ आणायचं, पाजून झालं की उचलायचं. ही कामं बाबाला शंभर टक्के जमतात.

सिझेरियन असेल तर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. म्हणून लगेच डबा आणायची गरज नाही. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी ५-७ मिलि चीक पुरतो.

तिखटमीठ

सिस्टर, पण खरंच दूध कमी असतंच की काहींना. सगळं "पकड सुधारा"वर ढकलून चालणार नाही.

सायली_सिस्टर

असतं, आणि त्याची कारणंही आहेत. थायरॉइड, पीसीओएस (बीजकोश आणि संप्रेरकांचा विकार), स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया, वारेचा तुकडा गर्भाशयात राहिला असणं (सोबत रक्तस्राव लांबतो). बाळाची जीभ खाली बांधलेली असणं. आणि एक विसरलं जाणारं कारण: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने त्या घेऊ नयेत. तांबी चालते, फक्त प्रोजेस्टेरॉन असलेल्या गोळ्याही चालतात. वजन खरंच वाढत नसेल तर यांतलं काय आहे ते तपासायचं, आणि तोवर वरचं दूध द्यायचं. उपाशी ठेवून तत्त्व पाळायचं नाही.

माळरान

वरचं दूध द्यायचंच झालं तर पहिली पसंती आईचंच काढलेलं, दुसरी मिल्क बँकेचं (इतर आयांनी दान केलेलं दूध साठवणारं केंद्र). मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झालेली मिल्क बँक आशियातली पहिली. ते दूध मुख्यतः कमी वजनाच्या आणि आजारी बाळांसाठी असतं, घरच्या बाळाला सहसा मिळत नाही. मग उरतो डबा.

डब्याचं माप: दिवसाला किलोमागे साधारण १५० मिलि. ४ किलोचं बाळ फक्त डब्यावर असेल तर ६०० मिलि, आठ वेळा विभागलं तर प्रत्येकी ७५ मिलि. बहुतेक डब्यांत ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा, तरी डब्यावर वाचा. चमचा त्याच डब्यातला हवा, दुसऱ्या डब्याचा नको.

क्रम: पाणी खळखळ उकळा. अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जात नाही. पावडर निर्जंतुक नसते, ती या तापमानाला जंतुमुक्त होते. आधी पाणी, मग पावडर; उलटं केलं की माप बिघडतं. हलवून भांडं वाहत्या पाण्याखाली धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांत न संपलेलं फेकून द्या.

चुका दोन प्रकारच्या. डबा पुरवायला पाणी वाढवणं: बाळ पोटभर पितं आणि वजन मात्र वाढत नाही. किंवा "अंगी लागावं" म्हणून चमचा शिगोशीग भरणं: क्षार जास्त जातात, तहान लागते, शी घट्ट होते. गाईच्या दुधात पाणी घालून देणं तर पहिल्या वर्षात नकोच. प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, शिवाय लोह कमी पडतं.

जाता जाता: दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. दवाखान्यातून निघताना कुणी "भेट" म्हणून डबा हातात ठेवला तर तो बेकायदा आहे.

कोकमसार

बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं (चोच असलेलं दूध पाजायचं छोटं भांडं). बाळ अर्धवट बसतं धरायचं, कड खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठापर्यंत आणून थांबायचं. बाळ जिभेने घेतं. तोंडात ओतलं की ठसका. बोंडल्याची चोच आतून घासायला बारीक ब्रश लागतो, नाहीतर तिथेच दूध कुजतं. तो मिळत नसेल तर साधी स्टीलची छोटी वाटी बरी.

शेवंती

आणि डबा बंद करायचा असेल तर?

सायली_सिस्टर

एकदम नाही. आधी अंगावर, दोन्ही बाजूंना; त्यानंतरच वरचं. दिवसाच्या एकूण मापातून ५० मिलि कमी करा आणि दोन-तीन दिवस तिथेच थांबा. शू किमान ६ वेळा राहिली तर आणखी ५०. आठवड्याला वजन. भर १२५ ग्रॅमच्या खाली आली तर मागच्या मापावर जा. बाळ अंगावर लागतच नसेल तर बारीक फीडिंग ट्यूबचं एक टोक दुधाच्या वाटीत, दुसरं बोंडाच्या लगत चिकटवायचं. बाळ अंगावर ओढतं आणि दूध नळीतून येतं. पहिल्यांदा हे कुणाकडून तरी समोर करून घ्या.

बकुळी

हे सगळं ठीक. पण आमच्याकडे बाळगुटीने बाळं शांत राहतात, पोट साफ होतं. ओल्या सहाणेवर एकेक वेढा, जास्त नाही. पिढ्यान्‌पिढ्या देतात, त्याचं काय?

रात्रपाळी

बकुळी, वाद घालत नाही, फक्त या धाग्याच्या हिशेबात बघा. गुटीत वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, अतिविष, डिकेमाली वगैरे. वेढा हे माप नाही: हात किती दाबला, कांडी किती जुनी, सहाण किती खरबरीत, यावर एका वेढ्यातून किती उतरलं ते ठरतं. जायफळाने गुंगी येते. वेखंडातल्या असारोन या द्रव्यामुळे उलट्या होतात. तान्हं बाळ गुंगलं की दोन पाजण्या चुकतात, म्हणजे "गुटीने शांत झालं" असं जे दिसतं त्यात आठातली दोन वेळची भूक गेलेली असू शकते. वजनाचा तक्ता अडकला की आधी गुटी बंद करून बघायला सांगतात ते यासाठी.

गुटी मधातून देत असाल तर मात्र वाद आहे. वर्षाच्या आत मध नको. त्यातल्या बोटुलिझमच्या बीजाणूंनी बाळ लुळं पडू शकतं, आणि मध उकळूनही ते मरत नाहीत.

माळरान

अनुमोदन. घुटीचं पाणी, ग्राइप वॉटर, साखरपाणी, साधं पाणी, सगळ्यांना हाच मुद्दा लागू. एप्रिलच्या विदर्भातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी लागत नाही. आईला लागतं. बाळंतिणीला पाणी तोडणारी घरं अजून आहेत, ते तेवढं थांबवा. अळीव, डिंक, खसखस खुशाल खाऊ द्या, त्यात पोषण आहे. दूध वाढतं ते मात्र ओढण्याने.

डोंगरवाट

थेंबांच्या औषधाबद्दल लिहायलाच हवं, दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी हा घोळ होतो.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) मिळते, ताप त्यानेच येतो. तापासाठी पॅरासिटामॉल लिहून देतात. बाजारात ते मुख्यतः दोन रूपांत आहे: थेंब, सहसा १ मिलित १०० मिग्रॅ, आणि सिरप, सहसा ५ मिलित १२५ मिग्रॅ, म्हणजे १ मिलित २५. थेंब चौपट तीव्र. बाळाला किलोमागे १० ते १५ मिग्रॅ लागतं. ५ किलोच्या बाळाला ७५ मिग्रॅ धरलं तर थेंब पाऊण मिलि, सिरप ३ मिलि. डॉक्टरांनी सिरप ३ मिलि लिहिलं आणि दुकानदाराने थेंबांची बाटली दिली, तर त्याच ३ मिलित ३०० मिग्रॅ जातं. यकृताला धोका त्यातच. चिठ्ठीवर मिलिबरोबर मिग्रॅही लिहून घ्या आणि बाटलीशी ताडून बघा. दोन डोसांत ६ तास. लसीआधी खबरदारी म्हणून देऊ नका.

व्हिटॅमिन डी चंही तेच. रोज ४०० युनिट पाहिजे, पण एका बाटलीत १ मिलित ४०० तर दुसरीत ८००. ब्रँड बदलला की माप बदलतं. आणि खिडकीच्या काचेआडून आलेल्या उन्हाने डी तयार होत नाही.

बीसीजीच्या (क्षयाची लस) जागी, डाव्या दंडावर, काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, व्रण राहतो. त्यावर हळद, मलम काही नको.

खारीबुंदी

डोंगरवाट, छान. एक भर: लसीनंतरचा ताप वेगळा. एरवी तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा वर ताप म्हणजे औषध न देता थेट डॉक्टर. तसंच हिरवी उलटी; तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दर पाजण्यानंतर लांब फेकली जाणारी उलटी; पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ किंवा तळहात-तळपाय पिवळे; आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ असून शी पांढुरकी व शू गडद. शेवटचं सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. पित्तनलिका बंद असल्याची शक्यता असते आणि शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर निकाल चांगला. "ऊन दाखवा, उतरेल" म्हणत तेच दिवस निघून जातात.

तिखटमीठ

गावाकडे काटा, थर्मामीटर कुठून आणायचा?

माळरान

आशाताईंकडे असतो. घरभेटी ठरलेल्या आहेत: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरच्या घरी नवजात बाळाची देखभाल करण्याची जी पद्धत उभी केली, तिच्या आधारावर २०११ मध्ये हा देशभरचा कार्यक्रम आला. भेट चुकली तर उपकेंद्रात विचारा, तो हक्क आहे. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी वर्षभर मोफत आहे.

कोकमसार

चौथा प्रश्न राहिला. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. त्यातले ८ आधी घेतले असतील तर नंतर १८ उरतात, म्हणजे बाळ चार महिन्यांचं असतानाच कामावर. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या मिळतात, त्या दूध काढायला वापरता येतात. एचआरला आधीच लेखी कळवा.

हिशेब: एक ते सहा महिन्यांत अंगावरचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिलि पितं आणि हा आकडा फारसा वाढत नाही. तुम्ही १० तास बाहेर तर ७५० च्या १०/२४, म्हणजे ३१० मिलि. ते ६०-९० च्या भागांत ठेवा. १५० ची बाटली भरली की अर्धी वाया जाते. रुजू होण्याआधी फ्रीजर भरून ठेवायची धडपड नको, दोन दिवसांचा साठा पुरे. आज काढलेलं उद्या.

काढणं: दर तीन तासांनी १५-२० मिनिटं. हाताने काढायचं तर अंगठा आणि तर्जनी बोंडापासून ३-४ सेंटीमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग बोटं जवळ आणा, सोडा. बोटं कातडीवर घसरू देऊ नका. पंपाचं फनेल मोठं असेल तर काळा भाग आत खेचला जाऊन सुजतो, लहान असेल तर बोंड घासतं. माप बोंडाच्या व्यासावरून घ्या.

साठवण: २५ अंशांपर्यंत खोलीत ४ तास. मार्च-मेमध्ये तेवढाही भरवसा नको, थेट फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस, दारात नाही. भारनियमन असेल तिथे २४ तास धरा. बर्फाच्या पिशव्यांसह डब्यात २४ तास. वितळवलेलं २४ तासांत संपवा, परत गोठवू नका. गरम करायचं ते कोमट पाण्यात भांडं ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच चटका बसेल इतकं तापतं. बाळाने तोंड लावलेलं दोन तासांत फेका.

बकुळी

साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास आला आणि बाळाने घेतलं नाही तर? खराब झालं म्हणायचं का?

कोकमसार

नाही. दुधातलं लायपेज हे पाचकद्रव्य स्निग्धांश फोडतं, त्याचा तो वास. काही बाळं पितात, काही तोंड फिरवतात. फिरवत असेल तर पुढच्या वेळी ताजं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू नका, लगेच बर्फाच्या पाण्यात निववा. आंबट, नासलेला वास मात्र वेगळा असतो, ते फेकायचं.

शेवंती

गाठी आणि दाटलेल्या छातीबद्दल कुणी लिहील का? इथे दोन मते दिसतात, दाबून मोकळ्या कराव्यात आणि करू नयेत.

सायली_सिस्टर

करू नयेत. जोर लावून चोळल्याने आतली सूज वाढते. आता थंड शेक, हलक्या हाताने काखेकडे निथळवणं आणि नेहमीच्या वेळी पाजणं हे सांगतात. रिकामं करायला जादा पंप लावला की दूध आणखी तयार होतं. फार दाटून काळा भाग कडक झाला असेल तर पाजण्याआधी बोंडाभोवती बोटांनी मिनिटभर मागे दाबून धरा, तेवढ्याने पकड बसते. लालसर पट्टा, ताप, थंडी २४ तासांत उतरली नाही तर डॉक्टर. पाजणं थांबवायचं नाही.

असंच बाळाच्या छातीचंही. मुलगा असो वा मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे स्तन फुगतात, थेंबभर दूधही दिसतं. मालिशवाल्या बाई ते पिळतात. पिळू देऊ नका, तिथे पू होतो. आपोआप बसतं.

तिखटमीठ

आणि बाळंतिणीच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या? दोन्ही एकदमच गिळतात सगळ्या.

सायली_सिस्टर

एकत्र घेतल्या की लोह शोषलं जात नाही. लोह रोज एक, कॅल्शियम ५०० मिग्रॅ दोनदा, दोन्ही सहा महिने. कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर, लोह त्यापासून दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही.